माळशेजच्या रस्त्याने, देवळं बघत बघत जुन्नरपर्यंत

ठाणे-कल्याणकडच्या माणसाला माळशेज म्हटलं की जुलैमधला रविवार आठवतो, गाड्यांची लांबलचक रांग, धबधब्याखाली उभी असलेली पोरं, भाजलेलं कणीस, चहा आणि अंधार पडायच्या आत खाली उतरायची घाई. त्यात मजा आहेच, मी नाही म्हणत नाही. पण आपल्या खाडीवरून घाटावर जाणारी ही वाट दोन हजार वर्षांपेक्षा जुनी आहे, हे कुणी शेजारी बसून गाडी थांबवत थांबवत दाखवलं ना, की मग तो डोंगर वेगळाच दिसायला लागतो. यावेळी तसं झालं. गणपती झाले, पाऊस मागे सरायला लागला, आणि आमच्या सोसायटीतल्या काही जणांनी मिळून एक गाईड बरोबर घेऊन ट्रिप ठरवली, टेम्पो ट्रॅव्हलर, रात्री जुन्नरला मुक्काम आणि वाटेत देवळं, लेणी, घाट. जाऊन आल्यापासून बिल्डिंगमध्ये, ऑफिसमध्ये सगळे विचारतायत की नक्की काय काय बघितलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

गाईड ताई कल्याणच्या, पुरातत्त्व शिकलेल्या, वयाने माझ्यापेक्षा लहान पण आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणत होतो आणि त्या आईला काकू म्हणत होत्या. निघता निघता शेजारच्या वहिनींनी शंका काढली होती की पितृपंधरवड्यात देवळांची ट्रिप कशी काय, तर आईनेच सांगून टाकलं, "अगं शंकराला जायला कसला आलाय पंधरवडा, उलट बरंच असतं." विषय संपला. गाडी तीन हात नाक्यावरून निघाली तशी ताई मागे वळून म्हणाल्या, रस्ताभर दोनच गोष्टींवर लक्ष ठेवा, पाणी कुठून कुठे जातंय आणि माल कुठून कुठे जात होता, देवळं आपोआप सापडतील. मला तेव्हा ते नुसतं बोलायला छान वाक्य वाटलं, पण शेवटपर्यंत खरंच तसंच होत गेलं.

पहिला थांबा अंबरनाथ. इथलं शिवमंदिर ठाण्यातल्या कितीतरी लोकांनी बघितलेलं नसतं, लोकलच्या अंतरावर असून. इसवी सन १०६० मधलं देऊळ आहे, आणि हे कुणी अंदाजाने सांगितलेलं नाही, देवळातच शिलालेख आहे, शके ९८२, शिलाहार राजा मांवाणी म्हणजे मुम्मुणी याच्या काळातला. काम त्याच्या थोरल्या भावाने, छित्तराजाने सुरू केलं आणि याने पूर्ण केलं असं मानतात. या शिलाहारांची राजधानी कुठली, तर श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं. माझी लेक आठवीत आहे, तिला इतिहासाच्या पुस्तकात शिलाहार म्हणजे एखादी ओळ असेल नसेल, ती एकदम म्हणाली, "म्हणजे आपण राजधानीत राहतो?" ताई म्हणाल्या, हो, आणि तुझ्या राजाने बांधलेल्या देवळात उभी आहेस. त्यानंतर ती पोरगी दोन्ही दिवस ताईंच्या मागेमागेच होती.

देवळाच्या बाहेरच्या भिंती सरळ नाहीत, कोन काढत काढत वळत जातात, त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात एका कोनावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली अशी सगळी भिंत हलल्यासारखी दिसते. सगळा काळा पाषाण, आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट, हा दगड कोरायला किती चिवट असतो ते ताईंनी सांगितलं, तरी त्यात नर्तकींच्या पायातल्या दागिन्यापर्यंत काम केलेलं आहे. ऊन, पाऊस आणि आता हवेतलं केमिकल यांनी बऱ्याच मूर्तींचे चेहरे पुसट झालेत. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जायचं, उतरताना पायाला आधी गारवा लागतो आणि मग डोळ्यांना अंधाराची सवय होते. आई खाली उतरली, पिंडीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली, मागे रांग नव्हती म्हणून कुणी घाई केली नाही.

पण बाजूने वाहणारी वालधुनी बघवत नाही. काळं पाणी, फेस, वास. ज्या पाण्याच्या काठी म्हणून एवढं देऊळ बांधलं तेच पाणी आपण असं करून ठेवलंय, याचं मला मनापासून वाईट वाटलं आणि ते इथे लिहायलाच हवं. देऊळ संरक्षित स्मारक आहे, बोर्ड आहे, कुंपण आहे. नदीला कुंपण घालून भागत नाही, तिला वरून येणारं पाणीच स्वच्छ लागतं.

तिथून उल्हासनगर, शहाड करत कल्याण-मुरबाड रोडला लागलो. हा पट्टा पटकन सांगते कारण ट्रॅफिक सोडलं तर मुरबाडपर्यंत फार काही नाही, रायत्याला उल्हास नदीवरचा पूल येतो, मग हळूहळू बिल्डिंगा संपतात, भाताची खाचरं सुरू होतात. सप्टेंबर संपत आला की भात पोटरीत आलेला असतो, काही ठिकाणी लोंब्या बाहेर पडलेल्या, आणि बांधावर पिवळी फुलं दिसतात ती कारळ्याची म्हणजे खुरासणीची हे मला वैशाखऱ्याच्या अलीकडे चहा देणाऱ्या मावशींनी सांगितलं. सरळगाव, टोकावडे, वैशाखरे. वैशाखऱ्यापाशी ताईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि समोरच्या डोंगरात एक अंगठ्यासारखा उभा कडा दाखवला, तो नानाचा अंगठा, त्याच्या कुशीतून नाणेघाट वर चढतो. "आत्ता आपण त्या वाटेच्या पायथ्याशी आहोत. उद्या दुपारी तिच्या माथ्यावर असू. जुन्या काळी इथून बैल सरळ वर जायचे, आपल्याला गाडी आहे म्हणून वळसा." हे फार छान केलं त्यांनी, खालून आधी दाखवलं म्हणून दुसऱ्या दिवशी वरून खाली बघताना आपण कुठे होतो ते नेमकं कळलं. तुम्ही स्वतःच्या गाडीने गेलात तरी वैशाखऱ्याला थांबून वर बघाच.

पुढे मोरोशीचा भैरवगड. हायवेवरूनच दिसतो, कुणीतरी भिंत उभी करून ठेवावी तसा सरळसोट. आमच्या ड्रायव्हर मामांना वाटत होतं ती किल्ल्याची तटबंदीच आहे, आणि खालून तसंच वाटतं. ताईंनी समजावलं की साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर यायचा, थरावर थर साचले, त्यातून आपलं सगळं दख्खन बनलं. मग त्याच थरांमध्ये उभ्या भेगा पडल्या, त्यात पुन्हा लाव्हा घुसून थिजला, तो दगड आजूबाजूच्या दगडापेक्षा कणखर निघाला. बाकीचं झिजून गेलं, भिंत उरली. यालाच डाईक म्हणतात. लोकांनी नंतर तिच्यावर पायऱ्या खोदल्या, टाकी खोदली, देव बसवला आणि गड केला.

मग घाट. आम्ही पोचलो तेव्हा ढग खाली उतरलेले होते आणि दर दोन मिनिटांनी पडदा बाजूला व्हावा तशी दरी उघडत होती. धबधबे बारीक झालेले पण सगळे चालू, कड्यांवर सोनकी पसरलेली, खाली तेरड्याचा गुलाबी. पावसाळ्यातल्या रविवारी इथे माणसांकडेच बघत बसावं लागतं, त्या दिवशी गर्दीच नव्हती म्हणून कडा नीट बघता आला. ताईंनी व्ह्यू पॉईंटला रेलिंगजवळ उभं करून समोरच्या कड्यावरचे आडवे पट्टे दाखवले, एकेक पट्टा म्हणजे लाव्ह्याचा एकेक पूर. दोन पट्ट्यांच्या मध्ये काही ठिकाणी लालसर मातीची रेघ असते. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ गेला, वरचा दगड उन्हापावसाने झिजून माती झाली, आणि मग नवा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला, तीच ती रेघ. पाणी याच मऊ थरातून पाझरतं, आणि कातळ सुटायला, दरड यायलाही असे मऊ थर कारण होतात. म्हणून पावसाच्या जोरात कड्याच्या अगदी खाली गाडी लावून फोटो काढत उभं राहू नका, आणि बंदी असेल तेव्हा खरंच जाऊ नका, प्रशासन उगाच ऑर्डर काढत नाही.

बोगद्याच्या पलीकडे माथ्यावर आल्यावर ताईंनी पाण्याची गोष्ट पूर्ण केली. घाटाच्या या तोंडाला पडणारं पाणी काळू नदीत जातं, काळू टिटवाळ्याच्या गणपतीजवळून वाहत येते, पुढे उल्हासला मिळते, आणि उल्हास आपल्या घोडबंदरच्या बाजूच्या खाडीत. म्हणजे कड्यावरचा एक थेंब ठाण्याला येतो. त्याच्या शेजारचा थेंब, माथ्याच्या पलीकडे पडलेला, कुकडीत, मग घोड, भीमा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागरात. आणि समोर हरिश्चंद्रगड दिसतो ना, त्याच्या माथ्यावर मंगळगंगा उगम पावते, ती मुळेतून, प्रवरेतून गोदावरीला. एका डोंगराच्या आसपास पडलेला पाऊस तीन वाटांनी जातो. माझा नवरा इंजिनिअर आहे, तो एरवी देवळात फार रमत नाही, पण हे ऐकल्यावर त्याने फोनवर नकाशा काढून तिन्ही नद्या बोटाने शोधल्या आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना पुन्हा समजावून सांगत बसला.

खुबी फाट्यावरून डावीकडे वळून, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने खिरेश्वरला जाता येतं. ट्रेकर लोक इथून तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर चढतात, त्यामुळे गाव माहितीचं आहे, पण गावाच्या जरा पुढे असलेल्या नागेश्वराच्या देवळात थांबणारे कमीच. बाहेरून बघितलं तर अगदी साधं, शिखर नाही, दगडी, झाडीत. आत मंडपात गेलं आणि वर बघितलं की श्वास थांबतो. छताचे चौकोन पाडलेत आणि चौकोनाचौकोनात देवदेवतांची शिल्पं, तीही वर, डोक्यावर. लेक सरळ फरशीवर आडवी झाली. ताई म्हणाल्या, झोपूनच बघायचं असतं हे, मान मोडण्यापेक्षा बरं. मग आम्ही सगळेच एकेक करून झोपलो, आई सुद्धा, ओढणीची घडी उशाला घेऊन. टॉर्चचा उजेड कडेने मारला की कोरीवकामाला उठाव येतो, समोरून मारला की सपाट दिसतं, ही युक्ती तिथे शिकायला मिळाली, पुढे सगळीकडे वापरली.

देऊळ इथेच का, एवढ्या आडबाजूला, हे मी विचारलं. ताई म्हणाल्या, आज आपण हायवेवरून बघतो म्हणून ती आडबाजू वाटते. इथे वरून झरे येतात, मागे खिंडीची वाट आहे, पलीकडच्या मुळेच्या खोऱ्यात उतरायची. पाणी आणि वाट जिथे भेटतात तिथे माणूस थांबणार, बैल थांबणार, आणि माणूस थांबतो तिथे देव येतो. हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

रात्री जुन्नरला मासवडी, बाजरीची भाकरी आणि तर्री. मासवडी नाव ऐकून ग्रुपमधल्या एका शाकाहारी काकांनी आधी ताटच मागे सरकवलं होतं, बेसनाची असते आणि आत खोबरं-तिळाचं सारण हे कळल्यावर दोनदा मागून घेतली. सकाळी खिडकी उघडली तर समोर शिवनेरी. यावेळी वर गेलो नाही, आईच्या गुडघ्यांना एकाच दिवशी एवढं नको म्हणून, पण गाडीत बसायच्या आधी सगळे तिकडे तोंड करून हात जोडून उभे राहिलो. १९ फेब्रुवारी १६३० ला महाराज जिथे जन्मले त्या डोंगराखाली रात्रभर झोपलो होतो, एवढं सुद्धा मला पुरेसं वाटलं.

आपटाळ्याच्या रस्त्याने निघालं की माणिकडोह धरणाचं पाणी बरोबर चालतं, मग उजवीकडे चावंड, आणि पूर गाव. इथे कुकडीचा उगम आणि उगमाशी कुकडेश्वर. छोटं देऊळ, पण दाराची चौकट, खांब, बाहेरच्या भिंती, कुठे रिकामी जागा म्हणून सोडलेली नाही. खांबांच्या वर दोन्ही हातांनी छत तोलून धरलेले बुटके यक्ष आहेत, पोटं सुटलेली, गाल फुगलेले, काहींच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट त्रास दिसतो.

इथे पुन्हा आपलं ठाणं आलं. शिलाहारांमध्ये झंझ नावाचा एक राजा होऊन गेला, अंबरनाथच्या मुम्मुणीच्या कितीतरी आधीचा. अल मसुदी नावाचा अरब प्रवासी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला होता, त्याने या राजाचं नाव लिहून ठेवलंय. आणि शिलाहारांच्या ताम्रपटात म्हटलंय की झंझाने शंकराची १२ देवळं बांधली. सह्याद्रीतली माणसं परंपरेने सांगतात की ती बारा देवळं बारा नद्यांच्या उगमांवर आहेत, आणि त्यात कुकडेश्वराचं, खिरेश्वरच्या नागेश्वराचं, हरिश्चंद्रेश्वराचं, रतनवाडीच्या अमृतेश्वराचं नाव घेतात. ताम्रपटात उगमांची यादी नाही, ती लोकांनी जपलेली आठवण आहे, हे ताईंनी स्पष्ट सांगितलं, ते मला आवडलं. शिलालेखात काय आहे आणि लोक काय सांगतात हे दोन्ही सांगायचं पण एकात एक मिसळायचं नाही. चांगला गाईड ओळखायची माझ्या मते हीच खूण आहे. गुरवकाकांनी मात्र झंझ राजाचं नाव असं घेतलं जसं काही गेल्या पिढीतला कुणी गावचा माणूस, आणि कुंडातलं पाणी प्यायला दिलं. गोड, गार.

पुढे घाटघर आणि मग नाणेघाट. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण ट्रिपमधली माझी सगळ्यात आवडती जागा ही.

वरती सपाट पठार, गवत वाऱ्याने एका दिशेला झोपलेलं, एका बाजूला जीवधन किल्ला आणि त्याच्या टोकाला वानरलिंगीचा सुळका. रस्त्याच्या कडेला एक प्रचंड दगडी रांजण आहे, जकातीचा रांजण म्हणतात, वर आलेल्या व्यापाऱ्यांनी यात नाणी टाकायची अशी समजूत. तिथून पाच मिनिटं चाललं की पठाराला अचानक चीर पडते. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, मध्ये अरुंद नाळ, आणि त्या नाळेतून दगडी पायऱ्या खाली, खाली, कोकणात. वारा खालून वर येतो, तोही असा की टोपी हातात धरायला लागते. भर पावसात इथला धबधबा उलटा उडतो त्याचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील, त्याचं कारण ही नाळच, पश्चिमेचा वारा कड्यावर आदळून या फटीतून वर घुसतो आणि खाली पडणारं पातळ पाणी परत वर फेकतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी कमी होतं, तरी तोंडावर तुषार येत होते, खालून वर.

नाळेत थोडं उतरलं की डाव्या हाताला गुहा. चौकोनी, मोठी, तीन बाजूंनी बसायला दगडी कट्टा, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबच्या लांब लेख. सातवाहन राणी नागनिकेचा. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. १८२८ मध्ये साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही गुहा सापडली आणि मग ती बाहेरच्या जगाला कळली, याच साईक्सने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गोल इंद्रधनुष्य बघून नोंदवलं होतं. लेखात राणीने आणि तिच्या नवऱ्याने, सातकर्णी राजाने, केलेल्या यज्ञांची यादी आहे, अश्वमेध, राजसूय, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांत. आकडे म्हणजे अंकचिन्हांत, आणि भारतातल्या अंकांच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांमध्ये हा लेख मोजतात. लेकीला ताईंनी भिंतीवर बोट न लावता, हवेत, एकेक खूण दाखवली. गणिताचा तिला कंटाळा, पण इथे हटायला तयार नव्हती.

लेखाची सुरुवात नमस्काराने होते. धर्माला, इंद्राला, संकर्षण आणि वासुदेवाला, चंद्र-सूर्याला, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. ताईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा गुहेत आम्ही सोडून कुणी नव्हतं. अंबरनाथच्या हजारेक वर्षं आधी, अजून दगडी देवळं बांधायला कुणी लागलेलंही नाही, आणि या खिंडीत, बैलांच्या आणि हमालांच्या वाटेवर, देवांची नावं कोरलेली आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या, सातवाहन सिमुक, देवी नागनिका, राजा सातकर्णी, राजकुमार. आज त्यांच्यातलं जवळजवळ काही उरलं नाही, काहींचे फक्त पाय राहिलेत. वर नावं आहेत म्हणून कळतं कोण कुठे उभं होतं. आई त्या पायांपुढे वाकली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

आणि मन दुखवणारी गोष्ट पण सांगते, त्याच कातळावर लोकांनी स्वतःची नावं खरवडलीत, बदाम काढलेत. दोन हजार वर्षांच्या अक्षरांच्या शेजारी. तुमच्या बरोबरच्या पोरांना जाण्याआधीच सांगा, आपल्या डोळ्यासमोर कुणी करत असेल तर थांबवा. भिंतीला हात सुद्धा लावू नका, घामाने दगड खराब होतो.

नाळेच्या तोंडाशी बसून खाली बघितलं तर हायवे, वैशाखरे, कालचा चहाचा स्टॉल असेल तो पट्टा. सोपारा, कल्याण या बंदरांमधून माल इथपर्यंत यायचा, इथून जुन्नर, पुढे पैठण. बैलाच्या पाठीवर किती वजन, किती दिवस, वाटेत पाणी कुठे, तर इथे गुहेजवळ टाकी खोदलेली आहेतच. पाणी आणि वाट पुन्हा एकत्र. दुपारचं जेवण घाटघरमध्ये एका घरी सांगून ठेवलं होतं, नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात आणि वरण, मावशींनी पोटभर वाढलं. अशा घरगुती ठिकाणीच जेवा, पैसे गावात राहतात.

परत येताना लेण्याद्री. अष्टविनायकातला गिरिजात्मज, म्हणून आपल्याकडचे लोक येतात, पायऱ्या चढतात, दर्शन घेतात आणि उतरतात. आईला डोली केली, पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, माकडांमुळे हातात पिशवी नको. वर गणपती आहे ते मुळात बौद्ध भिक्षूंचं राहायचं लेणं, भला मोठा सभामंडप, मध्ये एकही खांब नाही, भोवती भिक्षूंच्या खोल्या. गणपतीची मूर्ती मागच्या कातळातच आहे. दिवसभर समोरून उजेड येतो, आत शांत वाटतं.

दर्शन झाल्यावर ताईंनी शेजारच्या लेण्यात नेलं, सहा नंबरचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन. आत स्तूप, दोन्ही बाजूला खांबांच्या रांगा, वर कमानदार छत. तिथे दाराशी एक छोटा लेख आहे, एकाच ओळीचा. हे चैत्यगृह कुणी दान दिलं, तर कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा मुलगा, सुलसदत्त याने. ताई स्वतः कल्याणच्या, त्यांचा आवाज हे सांगताना जरा बदलला. आम्ही सगळे गप्प झालो. कल्याणचा सोनार, त्याचा मुलगा, नाणेघाटानेच वर आला असणार, धंद्यासाठी येत-जात असणार, आणि कमाईतून एवढा डोंगर खोदून घेतला त्याने. मी रोज ज्या स्टेशनवरून गाडी बदलणारी माणसं बघते तिथला एक माणूस. जुन्नरच्या बाकी लेण्यांमध्ये यवनांनी म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांनी दिलेली दानं सुद्धा आहेत, पण मला हा आपल्याकडचा सुलसदत्तच जवळचा वाटला. अष्टविनायकाला जाणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, गणपतीचं दर्शन झालं की पाच मिनिटं त्या शेजारच्या लेण्यात जा आणि त्याचं नाव घ्या.

ओझर संध्याकाळी, गर्दी बरीच, पण विघ्नेश्वराचं दर्शन छान झालं. दीपमाळा, आणि वर सोन्याचा कळस. वसई जिंकल्यावर, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी या देवळाचं काम करून शिखर सोन्याचं केलं असं सांगतात. वसई म्हणजे आपल्या घोडबंदर रोडच्या पलीकडची. खालच्या किनाऱ्यावर मिळवायचं आणि घाटावर देवाला आणून वाहायचं, सुलसदत्तापासून चिमाजी अप्पांपर्यंत तेच.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. पावसाळी रविवार टाळा, गणपतीनंतर ते डिसेंबर हा काळ उत्तम, थंडीत नाणेघाटावर जॅकेट लागतंच. गाईड बघताना त्याला नाणेघाटाच्या लेखाबद्दल विचारून बघा, नुसती जकातीची गोष्ट सांगितली तर दुसरा शोधा. टॉर्च घ्या. वयस्कर माणसं बरोबर असतील तर अंबरनाथ, खिरेश्वर, कुकडेश्वर या तिन्ही ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते, नाणेघाटच्या गुहेत उतरताना मात्र पायऱ्या ओल्या असल्या तर हात धरूनच उतरवा. परतीला घाट शक्यतो उजेडात उतरा, धुकं आलं तर ड्रायव्हरला घाई करायला लावू नका. आमचे मामा एका ठिकाणी वीस मिनिटं गाडी बाजूला लावून बसले, कुणी तक्रार केली नाही, ताईंनी तेवढ्यात शिलाहारांच्या ताम्रपटाची अजून एक गोष्ट सांगितली.

दिवाळीनंतर आमचा ग्रुप कसारा घाटाने रतनवाडीला जायचं म्हणतोय, प्रवरेच्या काठचा अमृतेश्वर बघायला. ताईंकडून तारीख आली की बुकिंग करायचं आहे. आईने आत्ताच बजावून ठेवलंय की खिडकीची सीट तिची, आणि यावेळी स्वतःची टॉर्च ती स्वतः आणणार आहे.